ज्वारी बाऊलचा शेवटचा सामना

मिलबर्न, कॅन्सस
२० ऑगस्ट २०२५

प्रिय मोठे बाबा,

फोन केला की तुम्ही "जेवलीस का" एवढं विचारता आणि उत्तर न ऐकताच फोन मोनिकावहिनीच्या हातात देता. कंपनीच्या प्रेस शॉपमधल्या मशिनांच्या धडधडीनं तुमचे कान नेले हे मला माहीत आहे. कानाचं मशीन तुम्ही कपाटात ठेवून दिलंय, हेही वहिनीनं सांगितलं. म्हणून आता पत्र. मी टाइप करून वहिनीच्या फोनवर पाठवते, ती चौकातून मोठ्या अक्षरात प्रिंट काढून आणेल. तुम्ही वहीवर लिहा, ती फोटो काढून पाठवेल. पप्पा असते तर म्हणाले असते, एवढा द्राविडी प्राणायाम करण्यापेक्षा आमच्या सूर्यभानभाऊलाच विमानात बसवा.

मला इथल्या छोट्या कॉलेजात नोकरी लागली आहे. जुनी कागदपत्रं लावायची, त्यांची यादी करायची. पहिलंच काम असं मिळालंय की तुम्ही हसाल. सत्तर वर्षांपूर्वी बंद पडलेल्या एका फुटबॉल सामन्याचा इतिहास लिहायचा आणि नोव्हेंबरात त्याचं प्रदर्शन लावायचं. हा फुटबॉल आपला नाही. लांबट चेंडू काखेत घेऊन पळायचं, समोरच्यांनी अंगावर पडून पाडायचं. गुडघा जमिनीला टेकला की पळणारा तिथंच बाद. चेंडूपेक्षा कबड्डीच जास्त आठवते.

इथं हंगामाच्या शेवटी मोठमोठे सामने होतात, त्यांना बाऊल म्हणतात. एक जुनं मैदान वाडग्यासारखं खोलगट होतं, त्यावरून हे नाव पडलं. मग गावागावांना हौस आली. ज्याच्या शेतात जे पिकेल त्याचं नाव: कापूस, साखर, संत्री. या मिलबर्नच्या व्यापाऱ्यांनी १९४६ साली सुरू केला तो सोरघम बाऊल. सोरघम म्हणजे आपली ज्वारी, मोठे बाबा. डिसेंबरच्या पहिल्या शनिवारी सामना. त्याआधी ट्रॅक्टरची मिरवणूक, आणि गावातल्या एका मुलीच्या डोक्यावर ज्वारीच्या कणसांचा मुकुट. पहिल्या वर्षी सहा हजार माणसं आली. सातव्या वर्षी, १९५२ मध्ये, बर्फात नऊशे. त्यानंतर सामना झालाच नाही. कागदांत कारण लिहिलंय: थंडी आणि कमी प्रेक्षक.

माझ्या टेबलावर पप्पांचा तो फोटो आहे, शहाऐंशीच्या तालुका कबड्डीच्या अंतिम सामन्यानंतरचा. पोरांनी त्यांना खांद्यावर घेतलंय आणि हातात ढाल आहे. इथले लोक विचारतात, मी सांगते, माझे वडील शेवटच्या चढाईत जिंकले आणि पंच माझे मोठे बाबा होते. त्या दिवसाबद्दल सविस्तर लिहा ना. पप्पांना जाऊन चार वर्षं झाली, आता सांगणारे तुम्हीच.

तुमची,
ज्ञानेश्वरी


बजाजनगर
२४ ऑगस्ट

चि. ज्ञानेश्वरी,

पत्र मिळालं. प्रिंटचं अक्षर एवढं मोठं काढलं की मला वाटलं निवडणुकीचं पत्रक आलं. मोनिकाला सांगितलं, मी बहिरा आहे, आंधळा नाही.

परवा पोळा झाला. आता इथं बैल कुठले, तुझ्या मोठ्या आईनं मातीची जोडी आणून पाटावर ठेवली. गावाकडं मका उभा आहे. पाऊस यंदा थांबायचं नाव घेत नाही.

ज्वारीच्या मुकुटाचं वाचून मोठी आई पदर तोंडाला लावून हसली. म्हणाली, "आपल्याकडं मुकुट नाय घालत, आपण भाकरी थापतो." मी तिला म्हटलं, तिकडं ज्वारी जनावरांना घालतात म्हणे. तेव्हापासून तिला तुझ्या जेवणाची काळजी लागली आहे. पीठ मिळत असेल तर कळव, नाहीतर ती डबा भरून बसेल.

सहा हजारांचे नऊशे झाले याचं मला नवल वाटत नाही. आमच्या तालुक्यातसुद्धा कबड्डीला आधी झाडावर चढून माणसं बसायची. पुढं टीव्ही आला आणि झाडं मोकळी झाली. खेळ असा हळूहळू मरतो. शेवटचा सामना कुठला ते खेळताना कोणालाच माहीत नसतं.

आदिनाथचं काय सांगू? चढाईला निघाला की मांडीवर एकदा थाप मारायचा, एकदाच. पाय लांब, कमरेत लवचीक. आईचा लाडका, आणि खरं सांगतो, माझाही. आमचे वडील गेले तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. त्याच्या पायातला काटा मीच काढायचो. त्या सामन्याचं म्हणशील तर जिंकला तो. ढाल आली. त्यावर वाळूजच्या कंपनीनं त्याला आपल्या संघात घेतलं, नोकरी दिली, आणि दोन वर्षांनी त्यानं मलाही तिथंच चिकटवलं. एवढंच. फोटो आहे ना तुझ्याकडं, त्यात सगळं दिसतंय.

थंडीची टोपी घालत जा.

तुझे मोठे बाबा


मिलबर्न
१२ सप्टेंबर

प्रिय मोठे बाबा,

ज्वारीचं पीठ मिळतं, मोठ्या आईला सांगा. भाकरी मात्र अजून नकाशासारखी होते.

तुमचा सल्ला हवाय. 'इतर' असं लिहिलेल्या खोक्यात मला एक बंद पाकीट सापडलं. १९६१ साली कॉलेजला आलेलं, कोणी उघडलेलंच नाही. लिहिणारे मिस्टर हेस, याच गावातले, खिळे-मोळे विकणारे दुकानदार. १९५२ च्या शेवटच्या सामन्यात ते पंच होते. पाहुणा संघ सात-सहा असा पुढे होता. अगदी शेवटच्या मिनिटाला गावच्या वॉल्टर नावाच्या पोरानं चेंडू घेऊन रेषा ओलांडली आणि गाव बारा-सात असं जिंकलं. पाहुण्यांनी भांडण केलं, पुन्हा येणार नाही म्हणून गेले. पुढच्या वर्षी दुसऱ्या कुठल्या कॉलेजनंही आमंत्रण घेतलं नाही. थंडी-बिंडी काही नाही, ज्वारी बाऊल त्या भांडणानं संपला.

आणि हेस लिहितात: "रेषेच्या आधीच त्याचा गुडघा टेकला होता. मी पाहिला. शिट्टी माझ्या तोंडात होती. लोक एवढे आनंदात होते की मला ती फुंकता आली नाही."

हेस कधीच वारले. पण वॉल्टर आहेत, चौऱ्याण्णव वर्षांचे, वृद्धाश्रमात. प्रदर्शनाच्या दिवशी त्यांचा सत्कार आहे. आमच्या प्रमुख बाईंनी निर्णय माझ्यावर सोडलाय. हे पत्र मांडायचं की परत खोक्यात ठेवायचं?

तुम्ही पंच होता म्हणून विचारते. पप्पा सांगायचे, त्या दिवशी नेमलेले पंच आलेच नाहीत, आणि समोरच्या संघाचा कर्णधार सांडू स्वतः म्हणाला होता, "सूर्यभानभाऊलाच उभं करा. भाऊ खेळत असला तरी तो माणूस खोटं बोलायचा नाय." असा विश्वास ज्याच्यावर ठेवला गेला तो माणूस काय करेल, ते मला सांगा.

ज्ञानेश्वरी


बजाजनगर
१४ सप्टेंबर

ज्ञानेश्वरी,

पत्र खोक्यात ठेव. चौऱ्याण्णव वर्षांच्या म्हाताऱ्याला आता गुडघा टेकला का नाही हे विचारून तुला काय मिळणार? झाकली मूठ सव्वा लाखाची. ज्यानं लिहिलं तो मेला, ज्यांनी पाहिलं तेही मेले. तुला यादी करायला ठेवलंय, तू यादी कर.

मोठे बाबा


मिलबर्न
१५ सप्टेंबर

मोठे बाबा,

तुम्ही मला आयुष्यात कधी असं बोलला नाहीत. पप्पा रागावायचे तेव्हा मी तुमच्या मागे लपायची. माझं काय चुकलं ते तरी सांगा. पत्र मी अजून खोक्यात ठेवलेलं नाही, बाहेरही काढलेलं नाही. ते माझ्या खणात आहे.

ज्ञानेश्वरी


बजाजनगर
२८ सप्टेंबर

चि. ज्ञानेश्वरी,

हे पत्र कुरिअरनं पाठवतोय. मोनिका फोटो काढता काढता सगळं वाचते, आणि हे आधी तू वाचावंस असं मला वाटतं. कुरिअरवाल्या बाईनं विचारलं आत काय आहे, मी म्हटलं कागद.

तुझं काही चुकलं नाही.

तो सामना एकवीस-एकवीस असा बरोबरीत होता आणि शेवटची चढाई आदिनाथची. मी मध्यरेषेवर उभा. कबड्डी कबड्डी म्हणत तो आत शिरला, एकाला हात लावला आणि वळला. तेवढ्यात सांडूनं त्याचा घोटा धरला. सांडू धनगराचा पोर, मेंढरं उचलून उचलून त्याची पकड अशी की सुटका नाही. आदिनाथ जमिनीवर पडला आणि हातानं माती ओढत रेषेकडं सरकू लागला. एका दमात परत यावं लागतं हे तुला माहीत आहे. मध्ये श्वास घेतला की बाद.

रेषेपासून वीतभर अंतरावर त्याचा दम तुटला. त्यानं श्वास घेतला, मग पुन्हा कबड्डी म्हटलं, मग हात रेषेला लावला. लोकांचा गलका, हलगी वाजत होती. तो श्वास ऐकू जाण्याएवढं जवळ दोघंच होतो, मी आणि सांडू. सांडू म्हणाला, "भाऊ, दम तुटला." शांतपणे म्हणाला, कारण त्याला खात्री होती की मी तेच सांगणार.

मी हात वर केला आणि आदिनाथला गुण दिला.

का दिला? कंपनीचे साहेब खुर्चीवर बसलेत हे मला माहीत होतं. जिंकणाऱ्या संघातला एक पोरगा ते नेणार होते, हेही माहीत होतं. पण त्या क्षणी यातलं काही डोक्यात नव्हतं. मातीत पडलेला माझा भाऊ मान वर करून माझ्याकडं बघत होता, बस. सांडूनं घोटा सोडला, हात झटकले आणि माझ्याकडं पाहिलं. आपली पोरं घेऊन निघून गेला. तो पुन्हा कधी खेळला नाही. घाटाखाली मेंढरं राखतो अजून.

एकोणचाळीस वर्षं झाली. तालुक्याला, कन्नडच्या बाजारात तो लांबून दिसला की मी दुसऱ्या गल्लीनं जातो. तुझ्या बापाला मी हे कधी सांगितलं नाही. गलक्यात त्याला स्वतःला कळलं नसेल असंच मी धरून चाललो. आपण न्यायानं जिंकलो असं समजून तो जगला, नोकरी केली, तुला शिकवलं. त्याचं ते समाधान मोडायला माझी जीभ धजली नाही. कान गेले तेव्हा मी कोणाकडं तक्रार केली नाही. मला वाटलं, बरोबरच झालं.

आता तुझ्या टेबलावरच्या फोटोची गोष्ट मी खोटी करून टाकली. भीती एकच वाटते, तू मला मोठे बाबा म्हणायचं सोडशील. पण तू विचारलंस, विश्वास ठेवला गेला तो माणूस काय करेल. त्यानं काय केलं ते लिहिलं.

सूर्यभान


मिलबर्न
१९ ऑक्टोबर

मोठे बाबा,

मी सोडणार नाही. हे आधी लिहिते, म्हणजे पुढचं नीट वाचाल.

पत्र बाराव्या दिवशी मिळालं. मला राग आला, खूप आला. चार दिवस पप्पांचा फोटो मी पालथा ठेवला. माझं गारखेड्यातलं कॉलेज, पासपोर्ट, हे टेबल, सगळं त्या एका श्वासावर उभं आहे असं वाटत राहिलं. सांडूकाकांना मुलगी आहे का, ती काय करते, हेही मनात आलं. तुमचाही राग आला आणि तुमची कीवही आली. दोन्ही एकदम येऊ शकतं हे मला माहीत नव्हतं.

पाचव्या दिवशी मी हेस यांचं पत्र घेऊन वॉल्टर यांच्याकडे गेले. त्यांची मुलगी सोबत होती, तिला आधी सगळं सांगितलं होतं. वॉल्टर खिडकीशी बसले होते. मी पत्र मोठ्यानं वाचलं. ते खिडकीबाहेर बघू लागले. मला वाटलं, तुमचंच बरोबर होतं, मी म्हाताऱ्या माणसाला उगाच दुखावलं. मग त्यांनी आपल्या उजव्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "गुडघा माझाच होता. टेकलेला मला कळणार नाही का?"

त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. आपण एकट्यानंच गावाला फसवलं असं ते सत्तर वर्षं समजत होते. मोठे बाबा, ते खिळे घ्यायला हेस यांच्याच दुकानात जायचे. तीस वर्षं काउंटरच्या या बाजूला एक आणि त्या बाजूला एक, दोघंही हवापाण्याच्या गप्पा मारायचे. वॉल्टर रडले. सामन्यासाठी नाही. म्हणाले, "त्या माणसाला कुणीतरी सांगायला हवं होतं."

पत्र मांडायला त्यांनी परवानगी दिली आहे. स्वतःच्या फोटोशेजारीच मांडा, म्हणाले.

परत येताना बसमध्ये मला एकदम उमगलं. दम पप्पांचा होता. छाती त्यांची. श्वास घेतला की नाही हे माणसाला कळत नाही का? गलका बाहेर होता, आत नव्हता. पप्पांना माहीत होतं, मोठे बाबा. तुम्ही त्यांच्यापासून लपवत होतात आणि ते तुमच्यापासून.

पप्पा आता नाहीत. सांडूकाका आहेत. तुम्ही त्यांच्याकडे जा. ते शिव्या देतील, दार लावतील, काही सांगता येत नाही. तरी जा. हेस यांच्यासारखं पाकीट मागे ठेवू नका.

उद्या दिवाळी. मोठ्या आईला नमस्कार. फोटो मी सरळ करून ठेवलाय.

तुमची,
ज्ञानेश्वरी


बजाजनगर
६ नोव्हेंबर

चि. ज्ञानेश्वरी,

हे पत्र मोनिकाकडंच देतोय. तिनं वाचलं तरी चालेल. घरात सगळ्यांना सांगून झालंय. तुझी मोठी आई दोन दिवस बोलली नाही, तिसऱ्या दिवशी माझा सदरा इस्त्री करून आणला आणि म्हणाली, "जायचं तर मळक्या कपड्यानं जाऊ नका."

काल एसटीनं कन्नडला गेलो आणि तिथून जीपनं घाटाच्या पायथ्याशी. कानाचं मशीन घातलं होतं, पण मेंढरांच्या आवाजात ते नुसती शिट्टी मारू लागलं, म्हणून काढून खिशात टाकलं. सांडू बाजेवर बसून दोरी वळत होता. केस पूर्ण पांढरे. मला पाहून उठला नाही, पण सरकून जागा केली. बानाबाई, त्याची बायको, पाणी घेऊन आली.

मी उभ्यानंच बोललो. वाटेत जुळवलेलं सगळं विसरलो. म्हटलं, "सांडू, दम तुटला होता. मी ऐकला होता." दुसरं काही सुचलं नाही, म्हणून तेच पुन्हा म्हटलं.

तो दोरी वळत राहिला. मग काहीतरी बोलला. त्याचा आवाज पहिल्यापासून हळू, मला काही ऐकू आलं नाही. मी कानावर हात ठेवला. तेव्हा बानाबाई माझ्या शेजारी येऊन बसली आणि नवरा बोलेल ते वाक्य ओरडून माझ्या कानात सांगू लागली. पार मेंढ्यासुद्धा ऐकत होत्या. लाज वाटायची तेवढी वाटून घेतली. पण तिनंही हे सारं आधी अनेकदा ऐकलेलं असावं, कारण कधी कधी सांडूचं वाक्य पुरं व्हायच्या आधीच ती पुढचं सांगायची.

सांडू सांगत होता ते असं. सामना झाला त्याच वर्षी दिवाळीच्या आधी तुझा बाप त्याच्याकडं आला होता. हातात कंपनीचा नोकरीचा कागद. म्हणाला, माझा दम तुटला होता, ही जागा तुझी आहे, साहेबांना मी सांगतो. सांडू म्हणाला, तुझ्या आईला तू पोसतोस, मला माझी मेंढरं आहेत, जा तू. राग तुझ्यावर नाही, तू तर खेळत होतास. राग पंचावर आहे. त्यानं एकदा येऊन मला सांगावं, मग माझ्या मनात काही राहणार नाही.

मी विचारलं, मग आदिनाथनं मला का सांगितलं नाही? बानाबाई आता नवऱ्याची वाट न बघताच बोलली. "त्यो म्हणायचा, भावानं माझ्यासाठी केलं. म्या सांगून आला तर माझ्या सांगण्यानं आला असं व्हईल. त्याला आपल्या मनानं येऊ द्या. येतो बघा, माझा भाऊ हाय त्यो."

ज्ञानेश्वरी, तुझा बाप दर वर्षी दिवाळीनंतरच्या बाजाराला गावाकडं जायचा. आम्हाला सांगायचा, घोंगडी आणतो. घरात कधी घोंगडी आली नाही, आणि मीही कधी विचारलं नाही. तो सांडूला भेटायला जायचा. दोघं चहा प्यायचे आणि तुझा बाप एकच विचारायचा.

हे मात्र सांडूनं स्वतः सांगितलं. दोरी खाली ठेवली, माझा कान धरून आपल्या तोंडाशी नेला आणि म्हणाला, "त्यो इचारायचा, आला का सूर्यभानभाऊ? म्या म्हणायचो, नाय. तर म्हणायचा, ईल. चौतीस वर्सं इचारलं त्यानं, भाऊ. लई वाट बघायला लावली तुम्ही."

मी तिथंच मातीत बसलो. सांडूनं माझ्या पाठीवर हात ठेवला होता. माझ्या मनात आता काही नाही, असं तो म्हणाला असावा, कारण बानाबाईनं मान हलवली आणि या वेळी ते ओरडून सांगितलं नाही. निघताना तिनं पिशवीत दह्याचं मडकं दिलं. सांडू जीपपर्यंत आला. गाडी सुरू झाली तेव्हा माझ्या कानाशी तोंड आणून म्हणाला, "तुम्ही आला म्हणून या बाजाराला कोणाला सांगू आता? इचारणाराच ऱ्हायला नाय."

घरी येऊन हे पत्र लिहायला बसलो. तुझ्या बापाला कळवायला आता पत्ता नाही, म्हणून तुला कळवतो. त्याच्या फोटोला सांग, सूर्यभान जाऊन आला.

तुझे मोठे बाबा